दंडाच्या पावतीबाहेरची रक्कम

वाहतूक पोलिसाच्या हातातल्या ब्रेथ अ‍ॅनालायझरमधून कागदाची एक चिंचोळी चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर तारीख, वेळ आणि एक आकडा असतो. १०० मिलिलिटर रक्तामागे अल्कोहोलचे प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या वर गेले, की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. चालकाची सही घेतात, गाडी बाजूला लावतात आणि त्या रात्री घरच्या कुणाला तरी फोन जातो. त्या फोनवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: दंड किती बसेल?

प्रश्न साहजिक आहे, पण दंड ही या प्रकरणातली सर्वांत लहान रक्कम असते. मोठ्या रकमा नंतर आणि वेगवेगळ्या दारांनी येतात. त्या परवान्यातून, नोकरीतून, विम्यातून, कर्जाच्या हप्त्यांतून येतात आणि कधी सातबाऱ्यावरूनही. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा माणसाच्या पैशापाण्यावर आणि आर्थिक पतीवर नेमकी कुठे, किती आणि किती काळ परिणाम करते, यावर कायदा, विमा आणि बँकिंग या तीन क्षेत्रांत तीन वेगळ्या चर्चा चालू आहेत. त्यांना एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन हजारांपासून दहा हजारांपर्यंत

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात या गुन्ह्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. पुन्हा सापडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड ३ हजारांपर्यंत. तीन दशके हे आकडे तसेच राहिले. या काळात पगार वाढले, गाड्यांच्या किमती वाढल्या, बारमधले बिलही वाढले. २ हजारांचा दंड शहरातल्या अनेकांना शिक्षा वाटेनासा झाला. २०१९ च्या दुरुस्तीने तो पहिल्या गुन्ह्याला १० हजार आणि पुढच्या गुन्ह्याला १५ हजार केला. कैदेची मुदत बदलली नाही.

दुसरा धागा सर्वोच्च न्यायालयातून आला. कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी याचिका केली. तिच्यातून निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. दारू पिऊन वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, अतिवेग, गाडी चालवताना मोबाइलवर बोलणे अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने परवाना निलंबित करा, असे या समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितले. आर्थिक परिणामांच्या दृष्टीने दंडवाढीपेक्षा हा निर्णय जास्त वजनाचा ठरला. त्याचे कारण पुढे येईल.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल लोकांत मोठा गैरसमज आहे. हेल्मेट नसणे किंवा चुकीचे पार्किंग यांचा दंड जागेवर किंवा मोबाइलवरून भरून विषय संपवता येतो. कलम १८५ तडजोडीच्या यादीत नाही. ते प्रकरण न्यायालयातच जाते. म्हणजे ही नुसती चलनाची बाब राहत नाही, तो फौजदारी गुन्हा असतो.

‘साहेब, कबूल आहे’

न्यायालयात पुढे काय होते, ते जवळून पाहिले की या प्रश्नाचे मूळ कळते. सकाळी दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाबाहेर रांग लागते. कुणाच्या हाती लायसन्सची झेरॉक्स, कुणी ऑफिसला ‘ताप आहे’ असे कळवून आलेला. बाजूचा अनुभवी माणूस सल्ला देतो, ‘कबूल करून टाक, दंड भर, अकरा वाजता मोकळा.’ नाव पुकारले जाते, गुन्हा वाचून दाखवतात, आरोपी मान हलवून ‘कबूल आहे’ म्हणतो, दंडाची रक्कम सांगितली जाते आणि पुढचे नाव पुकारतात.

या दोन शब्दांनी काय झाले, याची कल्पना त्या रांगेतल्या फार थोड्यांना असते. खटला संपला हे खरे, पण दोषसिद्धीची नोंद झाली. पुढे पुन्हा सापडल्यास तो ‘पुढचा गुन्हा’ ठरतो. नोकरीच्या अर्जात ‘आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?’ हा रकाना आला की उत्तर ‘होय’ द्यावे लागते. व्हिसाच्या अर्जातही तसेच. उलट, गुन्हा नाकबूल करून खटला लढवायचा म्हटला तर तो प्रलंबित राहतो आणि फौजदारी खटला प्रलंबित असताना पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. परदेशी प्रकल्पावर जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या तरुणाला दोन्ही बाजूंनी अडचण असते.

मधला एक रस्ता आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय योग्य प्रकरणात आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते, आणि त्याच कायद्याचे कलम १२ म्हणते की अशा दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्या व्यक्तीला लागू होणार नाही. पण हा विचार व्हायला वकील लागतो, अर्ज लागतो आणि चार तारखा लागतात. अकरा वाजता मोकळे व्हायची घाई असलेल्याला हे कुणी सांगत नाही. मला वाटते, या विषयातली पहिली उणीव माहितीची आहे. १० हजारांच्या पावतीवर सही करणाऱ्याला ती पावती कशाकशाची सुरुवात आहे, हे सांगण्याची जबाबदारी आज कुणाचीच नाही.

तीन महिने आणि नव्वद दिवस

परवाना तीन महिने गेला तर संगणकासमोर बसून काम करणारा रिक्षाने किंवा मेट्रोने जाईल. त्याचा खर्च वाढेल, पण पगार चालू राहील. ज्याची भाकरीच स्टिअरिंगवर आहे, त्याचे काय?

टॅक्सी, टेम्पो, अ‍ॅपवर चालणारी गाडी किंवा स्कूल व्हॅन बहुधा कर्जावर घेतलेली असते. रोजच्या धंद्यातून डिझेल-सीएनजी, घरखर्च आणि महिन्याचा हप्ता निघतो. परवाना निलंबित झाला की धंदा त्याच दिवशी थांबतो, हप्ता थांबत नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम असा की कर्जाची थकबाकी ९० दिवसांपेक्षा जास्त राहिली की ते खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए. रस्ते सुरक्षेची समिती आणि रिझर्व्ह बँक यांनी एकमेकांना विचारून हे आकडे ठरवलेले नाहीत. पण किमान निलंबनाचे तीन महिने आणि एनपीएचे नव्वद दिवस एका रिक्षावाल्याच्या घरात एकमेकांवर नेमके येऊन बसतात. गाठीला काही नसेल, तर परवाना हाती परत येण्याच्या सुमारास खाते एनपीएच्या उंबरठ्यावर असते आणि वसुलीवाला दारात. गाडी उचलून नेली, तर परत मिळालेल्या परवान्याचा उपयोगही उरत नाही.

नोकरदार चालकांचा प्रश्न वेगळा. एसटीसारख्या सार्वजनिक सेवेत मद्यपान करून वाहन चालवणे हे गंभीर गैरवर्तन मानले जाते, आणि ते तसेच मानले पाहिजे, कारण त्याच्या पाठीमागे पन्नास माणसे बसलेली असतात. चर्चा शिक्षेच्या प्रमाणाची आहे. उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातल्या एका चालकाने कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताला जवान नेताना दारूच्या नशेत अपघात केला आणि त्याला बडतर्फ केले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. सुदैवाने मोठी हानी झाली नाही म्हणून हा गुन्हा हलका होत नाही, असे न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ठणकावले, पण २५ वर्षांची सेवा लक्षात घेऊन बडतर्फीची सक्तीची निवृत्ती केली. बडतर्फीत सेवानिवृत्तीचे लाभ जातात, सक्तीच्या निवृत्तीत ते वाचू शकतात. शिक्षेच्या नावातल्या एका बदलाने एका घराचे पुढचे उत्पन्न ठरते.

विम्याची दोन दारे

सगळ्यांत मोठ्या रकमा इथे आहेत, म्हणून इथे जरा थांबावे लागेल.

मोटार विम्याचे दोन भाग असतात. एक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरच्या तिऱ्हाइताच्या नुकसानीचा. दारूच्या बाबतीत दोन्ही भाग वेगळे वागतात.

स्वतःच्या नुकसानीच्या भागात स्पष्ट अपवाद छापलेला असतो. विमाधारक किंवा त्याच्या माहितीने व संमतीने गाडी चालवणारी व्यक्ती मादक पेयाच्या अमलाखाली असेल, तर त्या अपघाताची भरपाई नाही. या अपवादावरचा महत्त्वाचा निकाल २०२१ चा आहे. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे गाडी उलटून जळाली. कंपनीने दावा नाकारला. ब्रेथ अ‍ॅनालायझरची किंवा रक्ताची चाचणीच झालेली नव्हती, त्यामुळे कलम १८५ ची मर्यादा ओलांडल्याचा पुरावा नाही, असा मालकाच्या बाजूचा युक्तिवाद होता. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. फौजदारी गुन्हा सिद्ध होणे आणि पॉलिसीतला अपवाद लागू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चालक दारूच्या अमलाखाली होता हे कंपनी इतर पुराव्यांवरूनही दाखवू शकते, असे न्यायालय म्हणाले. मथितार्थ असा, की फौजदारी शिक्षा झाली नाही म्हणून दावा मिळेलच असे नाही.

याचा हिशेब साध्या घरात कसा होतो, ते पाहू. समजा, ७ लाखांचे कार कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. हप्ता साधारण १४,७०० रुपये. चौदा हप्ते भरल्यावर गाडीचा चक्काचूर झाला. एरवी विम्याची रक्कम आधी बँकेकडे जाते आणि कर्ज बहुतांशी मिटते. दावा नाकारला गेला, तर साडेपाच लाखांहून जास्त मुद्दल शिल्लक राहते. पुढचे ४६ महिने भंगारात गेलेल्या गाडीचा हप्ता भरत राहायचे. मुलाच्या शाळेची फी, आईची औषधे, हे सगळे त्या हप्त्यानंतर.

थर्ड पार्टीचे दार वेगळे उघडते. रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या घराला पैसे मिळालेच पाहिजेत, हे आपल्या न्यायालयांचे जुने धोरण आहे. चालकाकडे वैध परवाना नसण्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात ‘आधी भरा, मग वसूल करा’ हा मार्ग पक्का केला. कंपनीने पीडितांना भरपाई द्यायची आणि अटी मोडणाऱ्या विमाधारकाकडून ती परत घ्यायची. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच तत्त्व मद्यधुंद चालकाच्या अपघाताला लावले.

आता ‘वसूल करा’ या दोन शब्दांत किती पैसे आहेत ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा आणि प्रणय सेठी या निकालांनी भरपाईचे गणित ठरवून दिले आहे. कायम नोकरीतला तीस वर्षांचा माणूस, महिना ४० हजार पगार, मागे तीन अवलंबून. वर्षाचे ४ लाख ८० हजार, त्यात भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवून ७ लाख २० हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा केला की पुन्हा ४ लाख ८० हजार. वयानुसार १७ ने गुणले की ८१ लाख ६० हजार. शिवाय अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा आणि व्याज. ही रक्कम कंपनी पीडितांना देते आणि मग गाडीच्या मालकाकडे वळते. वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला की ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. गावाकडची वडिलोपार्जित जमीन, तिच्या सातबाऱ्यावर बोजा आणि भावाभावांतली वाटणी अडून बसलेली, असा हा शेवट होऊ शकतो.

आर्थिक पतीच्या नोंदी

आता सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न: ‘सिबिल खराब होते का?’

थेट उत्तर ‘नाही’. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्यांच्या अहवालात कर्जे, क्रेडिट कार्डे आणि त्यांची परतफेड असते. फौजदारी शिक्षा, वाहतुकीचा दंड किंवा अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणाचा निवाडा यांना तिथे रकाना नाही. ३०० ते ९०० मधला तो आकडा दारूबद्दल काही जाणत नाही.

पण दारूनंतर चुकलेला हप्ता त्याला दिसतो. वकिलाची फी क्रेडिट कार्डावर, घरखर्च दुसऱ्या कार्डावर, गाडीचा हप्ता पुढच्या महिन्यावर, अशी साखळी सुरू झाली की अहवालात थकलेल्या दिवसांचे आकडे उमटू लागतात आणि गेल्या ३६ महिन्यांचा इतिहास पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतो. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला कळवणे बंधनकारक झाले. नोंद लवकर पोचते, आणि सुधारणाही तितक्याच लवकर पोचते.

यात सर्वांत जास्त भाजतात ते सहकर्जदार आणि जामीनदार. घरकर्ज नवरा-बायकोच्या नावे असेल, तर त्याच्या चुकलेल्या हप्त्याची नोंद तिच्याही अहवालात पडते. तिने दारूचा थेंब घेतलेला नसतो, गाडीची चावीही तिच्या हाती नसते.

दुसरी नोंदवही मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. बँक घरकर्ज देताना सिबिल पाहते, तसाच वकिलाकडून मालमत्तेचा सर्च रिपोर्टही मागवते. महसुली वसुलीचा बोजा क्रेडिट अहवालात नसला, तरी तिथे सापडतो. ७८० चा स्कोअर असलेल्या माणसाचे तारण असे अडकू शकते.

साता समुद्रापलीकडे

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न जास्त तीव्र होतो, कारण तिथे त्यात व्हिसा मिसळतो. नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या धोरणानुसार गेल्या पाच वर्षांत मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल, तर दोष सिद्ध होण्याआधीही व्हिसा रद्द होऊ शकतो. आधीच देशात असलेल्याला लगेच निघावे लागते असे नाही, पण लग्नासाठी किंवा आईच्या आजारपणासाठी भारतात आलेला माणूस नव्या व्हिसासाठी आणि वैद्यकीय तपासणीसाठी इथेच अडकतो आणि तिकडे घराचे हप्ते चालू राहतात.

तिथेही क्रेडिट अहवालात फौजदारी शिक्षा नसते. भार विम्यातून येतो. अनेक राज्यांत चालकाला विमा असल्याची हमी देणारे एसआर-२२ हे प्रमाणपत्र काही वर्षे सादर करावे लागते. कॅलिफोर्नियात चांगल्या चालकाला मिळणारी २० टक्के सवलत अशा शिक्षेनंतर दहा वर्षे बंद होते. आणि तिथला दिवाळखोरीचा कायदा इतर बरीच कर्जे पुसतो, पण नशेत गाडी चालवून घडवलेल्या मृत्यूची किंवा इजेची देणी पुसत नाही. आपल्याकडे ही रेषा इतक्या थेट शब्दांत कुठे ओढलेली नाही.

कोण काय म्हणते

विमा कंपन्यांची भूमिका अशी: जो जास्त धोका निर्माण करतो त्याने जास्त हप्ता भरावा. नाहीतर शुद्धीत गाडी चालवणारे सगळे मिळून त्याचा खर्च उचलतात. याच विचारातून विमा नियामकाच्या एका कार्यगटाने २०२१ मध्ये वाहतूक उल्लंघनावर वेगळा विमा हप्ता सुचवला. त्यात मद्यपानाला सर्वाधिक १०० गुण होते, चुकीच्या पार्किंगला १०. ती पद्धत देशभर लागू झालेली नाही.

रस्ते सुरक्षेसाठी काम करणारे म्हणतात, कैद क्वचित होते, दंड विसरला जातो. खिशाला वर्षानुवर्षे बसणारी झळच माणसाला चावी दुसऱ्याच्या हाती द्यायला लावेल. पीडितांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांना यात एक भीती दिसते. विम्याचे दार दारूच्या कारणाने जितके बंद होईल, तितकी पीडितांची भरपाई एका कफल्लक चालकावर अवलंबून राहील. आणि चालक संघटना, आरोपींचे वकील विषमतेकडे बोट दाखवतात. १० हजार रुपये एकाचे एका संध्याकाळचे बिल असते, दुसऱ्याची महिन्याची निम्मी कमाई. फिनलंडमध्ये दंड माणसाच्या दिवसाच्या उत्पन्नावर मोजतात. आपल्याकडे परवाना निलंबन सर्वांना सारखे, पण त्याची किंमत फक्त चालकाचे काम करणाऱ्यालाच रोजच्या मजुरीत चुकवावी लागते.

मला या सगळ्यांत पीडितांचा मुद्दा सर्वांत आधी ठेवावासा वाटतो. घरातला कमावता गेलेल्यांना विमा कंपनी आणि मालक यांच्यातला वाद मिटेपर्यंत थांबायला लावणे, याला कोणतेही धोरण समर्थन देऊ शकत नाही. चालकांचा विषमतेचा मुद्दाही खरा आहे. त्याला उत्तर शिक्षा माफ करण्यात शोधावे की हप्त्यांना मुदतवाढ देण्यात, हे बँकांनी आणि परिवहन खात्याने एकत्र बसून अजून पाहिलेले नाही.

अजून न सुटलेले

सर्वांत मोठी गाठ २०१९ च्या दुरुस्तीतच पडली आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कलम १५० मध्ये विमा कंपनीला न्यायाधिकरणापुढे घेता येणाऱ्या बचावांच्या यादीत कलम १८५ नुसार नशेत वाहन चालवणे हा बचाव थेट नावानिशी आला आहे. जुन्या कलम १४९ मध्ये तो नव्हता. कंपन्या यावरून जबाबदारीतून पूर्ण सुटका मागतात. दुसरी बाजू म्हणते की ‘आधी भरा, मग वसूल करा’ हे तत्त्व पीडितांच्या संरक्षणासाठी आहे आणि ते कलमाच्या नव्या भाषेतही टिकते. केरळचा निकाल जुन्या कायद्याखालच्या अपघाताचा होता, त्यामुळे तो या वादावर शेवटचा शब्द ठरत नाही.

आणि मालकाचा प्रश्न. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्या पुष्कळ घरांचा आधार आहेत. कळंगुटचा एखादा मालक सकाळी अकरा वाजता पर्यटकाचे लायसन्स तपासतो, गाडीचे फोटो काढतो आणि चावी देतो. समोरचा माणूस पूर्ण शुद्धीत असतो. पर्यटक रात्री दोनला बागा किनाऱ्यावरून परतताना अपघात करतो आणि चाचणीत सापडतो. गाडी मालकाच्या संमतीने चालवली जात होती, म्हणून स्वतःच्या नुकसानीचा दावा अपवादात बसतो. थर्ड पार्टीच्या वसुलीत मात्र स्वर्ण सिंग निकालाची कसोटी अशी, की अट मोडण्यात मालकाचा स्वतःचा दोष किंवा निष्काळजीपणा होता हे कंपनीने दाखवायला हवे. ती कसोटी परवान्याच्या संदर्भात घडली. रात्रीच्या दारूला ती किती लागू होते आणि सकाळी अकरा वाजता मालकाने आणखी काय करायला हवे होते, याचे पक्के उत्तर मिळेपर्यंत त्या गाडीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्याच खात्यातून जात राहील.